थोपटा, कुरवाळू नका

माझा लेक पाच वर्षांचा होईपर्यंत आमच्या डोंबिवलीच्या घरात रात्री साडेअकराच्या आधी कधी शांतता झाली नाही. नऊ वाजता अंथरुणं पडायची आणि तिथून अडीच तास लोळणं, उठून बसणं, पाणी, शू, पांघरूण फेकणं, तेच पुन्हा मागणं आणि शेवटी रडणं. झोप लागली तरी दोन वाजता परत जाग. एका डॉक्टरांनी सांगितलं, लाड कमी करा. सासूबाई मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायच्या. मी रोज रात्री त्याच्या कपाळावरून आणि केसांतून हलके हलके बोटं फिरवत बसायचे. माझी आई चिपळूणहून आली की मात्र तो वीस मिनिटांत झोपायचा. आम्हाला वाटायचं, आजीचा लळा आहे.

पुढे आम्ही एका ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे गेलो. त्यांनी विचारलं, "त्याला झोपवताना तुम्ही नेमकं काय करता? माझ्या हातावर करून दाखवा." मी दाखवलं. "आणि आजी काय करतात?" आजी थोपटते. पाठीवर, सपाट हाताने, एका तालात, दुसऱ्या खोलीत आवाज येईल इतक्या जोराने. त्या म्हणाल्या, "तुमचा हलका हात त्याला मुंग्या चालल्यासारखा लागत असणार. आजीचा हात कुठे पडणार, कधी पडणार, हे त्याच्या अंगाला आधीच ठाऊक असतं." त्या रात्री मी कुरवाळणं सोडलं आणि थोपटायला सुरुवात केली. सगळं एका रात्रीत सुधारलं नाही, पण दिशा सापडली. तुमच्या घरात असं मूल असेल तर ती दिशा तुम्हालाही सापडावी, म्हणून हे लिहिते आहे.

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रियं शिकतो. झोपेच्या बाबतीत आणखी तीन संवेदना तितक्याच महत्त्वाच्या असतात. कानाच्या आतल्या भागातून कळणारा तोल, सांधे आणि स्नायूंमधून कळणारा दाब-ताण, आणि भूक, लघवी, उकाडा अशी शरीराच्या आतून येणारी जाणीव. काही मुलांच्या मेंदूत या संवेदनांचा आवाज फार मोठा येतो, काहींच्या फार बारीक. एकाच मुलाला आवाज नकोसा आणि उड्या मात्र हव्याहव्याशा, असंही असतं. अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट ए. जीन एअर्स यांनी १९७२ साली या विषयावर पुस्तक लिहिलं आणि तिथून या मुलांकडे बघण्याची नवी रीत रुळली. आपल्याकडे हा व्यवसाय शिकवण्याची सुरुवात कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात केली, हे मला फार उशिरा कळलं. मदत लोकलच्या काही स्टेशनांच्या अंतरावर होती आणि आम्ही दृष्ट काढत बसलो होतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 'सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर' हे नाव तुम्ही ऐकाल, पण मानसोपचारातल्या प्रमाण निदानसूचीत तो स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला नाही. संवेदनांची ही गुंतागुंत स्वमग्न मुलांत, एडीएचडी असलेल्या मुलांत आणि यातलं काहीच नसलेल्या मुलांतही दिसते. म्हणून निदानाच्या कागदाची वाट बघत थांबू नका. पायजम्याची शिवण टोचत असेल तर ती कागद येण्याआधीही टोचतेच.

चौदा रात्रींची वही

घाईने दहा वस्तू मागवण्याआधी एक साधी वही घ्या आणि चौदा रात्री रोज पाच ओळी लिहा. अंथरुणावर किती वाजता गेला, खरी झोप किती वाजता लागली, रात्री किती वेळा उठला, सकाळी कधी उठला आणि त्या दिवशी वेगळं काय घडलं. ही शेवटची ओळ सगळ्यात मोलाची. नवी चादर, पाहुणे, मेथीची भाजी, वाढदिवसाचा केक, पाऊस, बाबा लवकर घरी आले, काहीही लिहा.

आमच्या वहीत दुसऱ्या आठवड्यात दोन गोष्टी ठळक झाल्या. रविवारची रात्र कायम वाईट होती आणि रविवारी आम्ही चादर बदलायचो. त्या चादरीला खळ होती. आणि ज्या दिवशी बाबांना आधीची लोकल मिळून ते साडेआठला पोचायचे, त्या दिवशी झोप साडेबाराला. दिवसभर न भेटलेला बाप लेकाला उचलून उंच फेकणार, गरगर फिरवणार, यात चूक कुणाची म्हणायची? पण गरगर फिरण्याने तोलाचं इंद्रिय असं जागं होतं की ते निवायला खूप वेळ लागतो. आम्ही खेळ बंद केला नाही, बदलला. आता बाबा आले की दोघं गादीची घडी भिंतीपर्यंत ढकलत नेतात आणि मग बाबा त्याला गोधडीत घट्ट गुंडाळून 'पोळीची गुंडाळी' करतात, तोंड उघडं ठेवून. प्रेम तेवढंच आणि अंग शांत.

वहीतून काही सापडलं तरी एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान पाच-सहा रात्री तशीच ठेवा. चादर, दिवा, जेवण आणि वेळ एकदम बदललीत तर कशाने फरक पडला हे कधीच कळणार नाही.

अंगाला काय लागतं

स्पर्शावर मी जास्त लिहिणार आहे, कारण घराघरांत सर्वांत दुर्लक्षित हाच भाग असतो. मुलाच्या अंथरुणावर स्वतः दहा मिनिटं झोपून बघा, उघड्या हातापायांनी. चादरीवर उठलेले गोळे, गादीतली गाठ, उशीच्या अभ्र्यावरची भरतकामाची नक्षी, प्लास्टिकच्या शीटची खसखस हे सगळं तुम्हाला कळेल. त्याला त्याच्या दसपट कळत असेल असं धरून चाला.

कपडे जुने, धुऊन मऊ झालेले सुती हवेत. बाबांचा जुना बनियन हा आमच्याकडचा सर्वांत यशस्वी नाइट ड्रेस आहे. मानेमागचं लेबल कात्रीने कापू नका. उरलेलं टोक जास्त टोचतं, ते उसवून काढा. शिवण टोचत असेल तर पायजमा उलटा घाला. आजी हसेल, हसू दे. इलास्टिक ढिलं करा किंवा नाडी लावा. नवी चादर दोन-तीनदा धुतल्याशिवाय अंथरू नका. उन्हाळ्यात घामोळं आलं असेल तर बाकी सगळे उपाय त्या रात्री फुकट जातात, तेव्हा आधी त्वचा बघा.

मालिश करायची तर तळहात पूर्ण टेकवून, खांद्याकडून खाली, सावकाश आणि दाबून. बोटांच्या टोकांनी नको. डोक्याला तेल लावणं काही मुलांना आवडतं, काहींना तो चिकटपणा सहनच होत नाही. नको म्हणाला तर सोडून द्या. थोपटण्याचंही तसंच. बहुतेक मुलांना ठाम स्पर्श मानवतो, पण एखाद्याला फक्त पायावर ठेवलेला जड, न हलणारा हात पुरतो, आणि एखाद्याला अजिबात हात नको असतो. हे त्याच्याकडूनच शिकावं लागतं.

आता जड ब्लँकेटबद्दल. ते बाजारात महाग मिळतं आणि त्याचा गाजावाजाही मोठा आहे. ब्रिटनमध्ये ६७ स्वमग्न मुलांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. जड ब्लँकेटने मुलांची झोप साध्या ब्लँकेटपेक्षा वाढली नाही. मुलांना आणि पालकांना ते आवडलं मात्र. म्हणजे आवडत असेल तर वापरा, पण कर्ज काढून आणू नका. आपल्याकडे जुन्या नऊवारीचे थर घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी आहे. ती मऊ असते, पुरेशी जड असते, घाम शोषते आणि तिला घराचा वास असतो. माझ्या लेकाला तीच लागते.

इथे सुरक्षिततेचे नियम कडक आहेत. वर्षाच्या आतल्या बाळाजवळ गोधडी, उशी, जड ब्लँकेट काहीही नको. मोठ्या मुलालाही स्वतःहून बाजूला सारता येईल इतक्याच वजनाचं पांघरूण हवं, आणि ते तोंडावर कधीही येता कामा नये. २००८ साली कॅनडातल्या क्वेबेकमध्ये नऊ वर्षांच्या एका स्वमग्न मुलाचा जड ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला असताना मृत्यू झाला. गुंडाळणं हा जागेपणीचा दोन मिनिटांचा खेळ आहे, तोही मोठ्या माणसाच्या नजरेसमोर. झोपताना मूल गुंडाळून ठेवायचं नाही.

आवाज, उजेड, वास

आवाजाबद्दलचा आमचा सगळ्यात उपयोगी धडा असा, की झोप लागताना जे असेल तेच रात्रभर असावं. मोबाइलवर गाणं लावून झोपवलं आणि झोप लागल्यावर बंद केलं, तर दोन वाजता हलकी जाग येते तेव्हा मुलाला खोली बदललेली वाटते आणि ते पूर्ण जागं होतं. पंख्याची एकसुरी घरघर म्हणूनच बरी पडते. ती रात्रभर टिकते आणि कुत्र्याचं भुंकणं, लिफ्टचं दार, शेजारचा टीव्ही झाकते. वीज जाण्याचा त्रास असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा पंखा जवळ ठेवा. आमची निम्मी मधली जाग पंखा थांबल्यामुळे यायची. आवाजाचं यंत्र वापरत असाल तर ते मुलापासून निदान दोन मीटर लांब आणि हळू आवाजात ठेवा, उशाशी नको.

गणपती, नवरात्र आणि लग्नसराईचं काय? ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत लाउडस्पीकरला मनाई आहे. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस आधीच जाहीर होतात, तेव्हा कॅलेंडरवर खूण करून त्या रात्री नातेवाइकांकडे जायचं की आतल्या खोलीत अंथरूण घालायचं, हे आधी ठरवा आणि मुलालाही आधी सांगा. बाकीच्या दिवशी मंडळाच्या कार्यकर्त्यांना दुपारीच जाऊन भेटा. मी भेटले आणि आमच्या मंडळाच्या मुलांनी स्पीकरचं तोंड फिरवलं. सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं?

उजेडाचं थोडक्यात सांगते. अंधार पडला की मेंदूतून मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक पाझरू लागतं आणि उजेड, त्यातही डोळ्यांजवळचा स्क्रीन, ते रोखतो. झोपेआधी तासभर ट्यूबलाइट बंद, पिवळा मंद दिवा चालू. टीव्ही त्याच खोलीत असेल तर तो सगळ्यांसाठीच बंद करावा लागेल, आणि हा घरातला सर्वांत अवघड बदल आहे हे मी जाणते. सकाळी उठल्यावर त्याला पंधरा-वीस मिनिटं गच्चीत किंवा गॅलरीत नैसर्गिक उजेडात न्या. रात्रीच्या झोपेची वेळ सकाळच्या त्या उजेडावर ठरते.

वासाकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचा वास धरलेलं पांघरूण, मच्छर अगरबत्तीचा धूर, लिक्विडच्या मशीनचा वास आणि तिचा लाल दिवा, रात्री उशिरा घातलेली लसणाची फोडणी. आम्ही मशीन काढलं आणि मच्छरदाणी लावली. तिने वास गेलाच, शिवाय एका खोलीत पाच जण झोपणाऱ्या घरात त्याला स्वतःचा तंबू मिळाला. टूथपेस्टचंही बघा. पुदिन्याची झणझणीत पेस्ट काही मुलांना तिखटासारखी जळते आणि झोपेच्या तोंडावर रोज भांडण होतं. सौम्य चवीची पेस्ट आणा आणि दात जेवणानंतर लगेच घासून टाका.

परदेशी पुस्तकांत मुलाची वेगळी खोली गृहीत धरलेली असते. ती नसली म्हणून काही बिघडत नाही. आईबाबांच्या शेजारी, भिंतीला टेकून झोपण्यात कितीतरी मुलांना आधार वाटतो. भिंत आणि गादीच्या फटीत शिरून झोपणारं मूल अंगाला दाब शोधत असतं. तिथे लोड ठेवा, त्याला तो दाब नीट मिळू द्या.

दिवस कसा गेला

रात्रीची तयारी संध्याकाळी पाचला सुरू होते. सांध्यांना आणि स्नायूंना काम मिळालं की या मुलांचं शरीर निवतं. अर्धी बादली पाणी गॅलरीतल्या झाडांपर्यंत नेणं, कणीक मळणं, बाजारातून बटाट्यांची पिशवी आणणं, ओले कपडे पिळणं, जिना चढणं. थेरपीच्या खोलीत जी महागडी साधनं असतात त्यांचं काम यातून बरंचसं होतं, आणि मुलाला आपण घरात उपयोगी आहोत हेही कळतं. उड्या आणि पळापळ सातच्या आत संपवा. त्यानंतर झोपाळा चालेल, पण सावकाश, सरळ रेषेत, पुढे-मागे. कोमट पाण्याची आंघोळ झोपेच्या तासभर आधी घाला. त्वचेतून उष्णता बाहेर पडून शरीर आतून थोडं गार होतं आणि झोप येते. चहा दुपारनंतर नको. चहा-बिस्किट हा अनेक घरांत मुलांचा संध्याकाळचा खाऊ असतो, तो आधी थांबवा.

किती झोप पुरेशी? अमेरिकेच्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली दिलेले आकडे डॉक्टर सहसा वापरतात. तीन ते पाच वर्षांसाठी दुपारच्या झोपेसकट १० ते १३ तास, सहा ते बारा वर्षांसाठी ९ ते १२ तास. तुमच्या मुलाला अकराला झोप लागत असेल तर त्याला नऊला अंथरुणावर टाकू नका. त्या दोन तासांत तो अंथरुणावर जागं राहायलाच शिकतो. काही दिवस अकराच्या सुमारासच न्या, मग दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. सकाळी उठवायची वेळ मात्र रोज एकच, रविवारीही. आम्हाला अकराचे साडेनऊ करायला जवळजवळ दीड महिना लागला.

शेवटची चाळीस मिनिटं रोज एकाच क्रमाने जावीत. चार चित्रं काढून भिंतीला लावा: शू, कपडे, गोष्ट, दिवा. तोंडी सूचना कमी करा. दमलेल्या मुलाला शब्दसुद्धा आवाजच वाटतात.

डॉक्टरांकडे कधी

सगळंच संवेदनांच्या खात्यावर मांडू नका. मूल घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, झोपेत श्वास अडकत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, ॲडेनॉइड वाढलेले असू शकतात. रात्री गुदद्वाराशी खाज येत असेल तर जंत असतील. बद्धकोष्ठता, आम्लपित्त, कानदुखी हे बोलू न शकणाऱ्या मुलांत फक्त रडण्यातून दिसतं. झोपेत अंग ताठ होत असेल किंवा झटके येत असतील तर त्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि लगेच डॉक्टरांना भेटा.

आणि लोह. पाय सतत हलवणारं, लाथा झाडत झोपणारं मूल असेल तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनची तपासणी करायला सांगा. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो आणि त्यामुळे पायांत अस्वस्थता येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी देशात ६७ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे ६९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. आपली मुलं तर पालेभाजीचा लिबलिबीतपणा नको म्हणून फक्त दूध-भात खाणारी, म्हणजे धोका जास्तच. लोहाचं औषध मनाने सुरू करू नका, मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

सर्दीचं औषध देऊन मूल झोपवण्याचा सल्ला शेजारीपाजारी देतात. तो कधीही मानू नका. मेलाटोनिनचा काही स्वमग्न मुलांना उपयोग होतो, पण अमेरिकेच्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही आधी सवयी आणि वातावरण आणि ते पुरलं नाही तर मेलाटोनिन, असाच क्रम आहे. तेही बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

तुमच्याही झोपेचा विचार करा. आम्ही रात्री वाटून घेतल्या, सोमवार ते गुरुवार मी आणि पुढच्या तीन रात्री त्याचे बाबा. अर्धवट झोपलेल्या आईचा हात ताल सोडतो आणि मुलाला ते लगेच कळतं.

खासगी थेरपी परवडत नसेल तर तुमच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात मोफत आहे आणि त्यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं सुरू झाली आहेत. अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या तपासणी पथकाकडूनही तिथली चिठ्ठी मिळते. जाताना चौदा रात्रींची ती वही सोबत न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर पहिल्यांदा तीच ठेवा.